कन्फ्यूशिअसची शिकवण आणि पूर्वजांची नामपट्टी

कन्फ्यूशिअस हे नाव चिनी नाही. चीनमध्ये त्यांना कोंग फूझी, म्हणजे कोंग घराण्यातले गुरुजी, असे संबोधतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथे गेलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी या संबोधनाला लॅटिन रूप दिले. पुढे १६८७ साली फादर फिलिप कुप्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुरुजींच्या शिकवणुकीचा लॅटिन अनुवाद पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला आणि ते लॅटिन नाव युरोपभर रूढ झाले. चीनच्या या महापुरुषाची युरोपला ओळख करून दिली ती कॅथलिक धर्मगुरूंनी, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच शिकवणुकीतील एका आचारावरून ख्रिस्तसभेत जवळजवळ तीनशे वर्षे वाद चालला आणि त्यापायी काही श्रद्धावंतांना प्राणांस मुकावे लागले, हे तर फारच थोड्यांना माहीत असते.

कन्फ्यूशिअस यांचा काळ परंपरेने इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ असा मानला जातो. आजच्या शांतुंग प्रांतातील चूफू हे त्यांचे गाव. त्या काळी ते लू नावाच्या छोट्या राज्यात होते. लहानपणीच वडील वारले, आईने वाढवले. त्यांनी काही किरकोळ सरकारी पदे सांभाळली. एखादा राजा आपले ऐकेल आणि राज्य नीतीने चालवील, या आशेने ते उतारवयात कित्येक वर्षे राज्याराज्यांतून हिंडले. कोणी ऐकले नाही. अखेर गावी परतून त्यांनी शिष्यांना शिकवण्यात उरलेले आयुष्य घालवले. त्यांनी स्वतः लिहिलेले म्हणता येईल असे खात्रीचे काही नाही. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी जपलेल्या त्यांच्या उद्गारांचा 'लुन-यू' हा संग्रह हाच आपला मुख्य आधार. आपण धर्मसंस्थापक आहोत, असे या गुरुजींनी कधी म्हटले नाही. आपण नवे काही सांगत नसून जुने पुढे पोचवत आहोत, अशीच त्यांची समजूत होती.

त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी 'रेन' हा शब्द आहे. चिनी लिपीत हे अक्षर 'माणूस' आणि 'दोन' या दोन चिन्हांचे बनते. मराठीत त्याला 'माणुसकी' हाच शब्द जवळचा. एकटा माणूस माणुसकीने वागू शकत नाही. ती दोघांत घडते. स्वतःला जे नको ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ देऊ नये, हा नियम कन्फ्यूशिअस यांनी शिष्याला आयुष्यभराचा म्हणून सांगितला. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात हाच नियम होकारार्थी सांगितला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. होकार आणि नकार यांत अंतर आहे. पहिला माणसाला दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत नेतो, दुसरा त्याला दुखावण्यापासून आवरतो. तरीही ख्रिस्तजन्माच्या पाचशे वर्षे आधी हा विचार मांडला गेला, याचे मोल कमी होत नाही.

दुसरा शब्द 'ली'. याला मराठीत एकच एक प्रतिशब्द सापडत नाही. विधी, मर्यादा, शिष्टाचार, रीतभात हे सगळे त्यात सामावते. राजदरबारातील समारंभ हा 'ली', पाहुण्याला पाणी देण्याची रीत हाही 'ली' आणि मृतांना दफन करण्याचा विधीही 'ली'च. मनातली माणुसकी नुसती मनात ठेवून चालत नाही, तिला हातापायांचे वळण लागावे लागते, अशी यामागची धारणा आहे. मन नसताना केलेला विधी कन्फ्यूशिअस यांना पोकळ वाटे; पण वळणाशिवाय मन टिकते यावरही त्यांचा विश्वास नव्हता. गुडघे टेकणे, क्रुसाची खूण करणे, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेणे अशा गोष्टी लहानपणीच अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा शब्द 'श्याव', म्हणजे आईवडिलांविषयीचे कर्तव्य. येथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास याच शब्दाभोवती फिरतो. आईवडिलांना केवळ जेवू घालणे म्हणजे 'श्याव' नव्हे, जनावरांनाही आपण खाऊ घालतोच, असे कन्फ्यूशिअस बजावत. आईवडील चुकत असतील तर मुलाने सौम्य शब्दांत तसे सांगावे, त्यांनी ऐकले नाही तरी आदर सोडू नये, हेही त्यांनी सांगितले आहे. त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. झाय वो नावाच्या शिष्याने एकदा विचारले की, आईवडिलांसाठी तीन वर्षे शोक पाळणे फार होते, एक वर्ष पुरे नाही का? गुरुजींनी उलट विचारले, वर्षभरानंतर उंची तांदूळ खाताना आणि रेशीम नेसताना तुझ्या मनाला स्वस्थ वाटेल का? शिष्य म्हणाला, वाटेल. मग तसे कर, एवढेच गुरुजी बोलले. तो गेल्यावर मात्र ते इतरांजवळ खिन्नपणे म्हणाले की, मूल तीन वर्षांचे होईतो आईबापांच्या कडेवरून उतरत नाही. त्या तीन वर्षांची फेड ही तीन वर्षे आहेत.

याच कर्तव्यातून पूर्वजांना अर्पण करण्याचा विधी येतो. घरातील एका मानाच्या जागी मृत आईवडिलांच्या नावाची लाकडी पट्टी ठेवलेली असे. तिच्यापुढे उदबत्ती लावायची, अन्न मांडायचे, वाकून नमस्कार करायचा. मृत माणसे तिथे खरोखर येतात का? कन्फ्यूशिअस यांनी याचे सरळ उत्तर दिले नाही. पूर्वज जणू समोर आहेत अशा भावनेने ते स्वतः विधी करीत. आत्म्यांविषयी खोदून विचारले, तर जिवंत माणसांची सेवा आधी नीट शिका, असे सुचवून विषय संपवत. 'आहेत' आणि 'जणू आहेत' यांमधील हा फरक गुरुजींनी मोकळा ठेवला. पुढे त्यावरून रोममध्ये फर्माने निघतील, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

ही शिकवण इतकी टिकली कशी? एक कारण परीक्षा. सातव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली सरकारी परीक्षापद्धती चीनमध्ये, मधले काही खंड सोडता, १९०५ सालापर्यंत चालली. बाराव्या शतकातील झू शी या पंडिताने कन्फ्यूशिअस-परंपरेतील चार ग्रंथ निवडून त्यांवर भाष्य लिहिले, आणि १३१३ सालच्या आज्ञेने ते परीक्षेचे अधिकृत अभ्यासग्रंथ झाले. शेतकऱ्याचा मुलगाही, निदान तत्त्वतः, या ग्रंथांच्या बळावर मोठा अधिकारी होऊ शके. कोरिया आणि व्हिएतनाम येथेही ही पद्धत गेली. जपानने परीक्षा फारशा उचलल्या नाहीत, शिकवण मात्र उचलली. पण माझ्या मते खरे कारण परीक्षेपेक्षा घर हे आहे. या शिकवणुकीला पुरोहितवर्ग लागत नव्हता. घरातला वडील माणूस हाच तिचा पुरोहित आणि ती लाकडी पट्टी हीच तिची वेदी. राजवटी बुडाल्या तरी घरे राहिली.

तिची काळी बाजूही सांगितली पाहिजे. आज्ञापालनाचा भार नेहमी धाकट्यांवर आणि स्त्रियांवर पडला. बापाने मेंढी चोरली तर मुलाने ते झाकावे, यातच सरळपणा आहे, असे मत 'लुन-यू'मध्ये कन्फ्यूशिअस यांच्या तोंडी आहे. कुटुंबाचे प्रेम समजू शकते, पण ज्याची मेंढी गेली त्याचे काय, हा प्रश्न मला हा भाग वाचताना दर वेळी पडतो. नंतरच्या काळात विधवेने पुनर्विवाह न करणे हा मोठा सद्गुण ठरवून त्यासाठी सरकारी कमानी उभारल्या गेल्या. गुरुजींच्या शब्दांपेक्षा त्यांच्या वारसदारांचा हा दोष अधिक. पण सोसणाऱ्या स्त्रीला त्या फरकाचा काय उपयोग?

आता गोव्याकडे वळू, कारण या कथेचा एक धागा तिथून जातो. सप्टेंबर १५७८ मध्ये येशूसंघीयांची एक तुकडी गोव्याला उतरली. त्यांत पुढे अकबराच्या दरबारी गेलेले आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे मारले गेलेले रुदोल्फ आक्वाविवा होते, तसाच मात्तेओ रिची नावाचा पंचविशीतला इटालियन तरुणही होता. पुढच्याच वर्षी फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. मराठीत 'क्रिस्तपुराण' रचणारे तेच हे स्टीफन्स. रिची गोव्यात व कोचीनमध्ये शिकले, शिकवते झाले आणि १५८० साली कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली. एतद्देशीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान शिकवू नये, असा विचार तेव्हा गोव्यात बळावत होता. त्याविरुद्ध या तरुण धर्मगुरूने १५८१ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे पत्र धाडले. दुसऱ्याची बुद्धी आपल्याइतकीच मानायची, ही त्यांची वृत्ती चीनला जाण्याआधीच दिसून आली होती.

१५८२ साली रिची मकावला पोचले. प्रथम त्यांनी बौद्ध भिक्षूंसारखा वेष केला. पुढे चिनी समाजात मान विद्वानांना आहे हे ओळखून त्यांनी पंडितांचा झगा घातला. त्यांनी कन्फ्यूशिअस-परंपरेचे ग्रंथ मुळातून अभ्यासले, १६०१ साली ते पेकिंगला स्थिरावले आणि १६०३ साली त्यांनी 'परमेश्वराचा खरा अर्थ' अशा आशयाच्या नावाचा ग्रंथ चिनी भाषेत छापला. प्राचीन चिनी ग्रंथांतील 'शांग-ती', म्हणजे वरचा स्वामी, आणि आपण भजतो तो परमेश्वर एकच, असे त्यांचे प्रतिपादन होते. पूर्वजांपुढील विधीत अंधश्रद्धा असेलच असे नाही, तो मुख्यतः कृतज्ञतेचा आचार आहे, असे मानून त्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांना तो करू दिला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे श्यू ग्वांगची. हे १६०३ साली स्नानसंस्कार घेऊन पॉल झाले आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले. रिचींबरोबर त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनीत आणले. १६०७ साली ते पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. श्यू अधिकारपद सोडून पार्थिव घेऊन शांघायला गेले आणि रिवाजाप्रमाणे तिथे शोककाल पाळला. कन्फ्यूशिअस यांनी झाय वोला सांगितलेला हाच तो तीन वर्षांचा शोक. प्रत्यक्षात तो सत्तावीस महिन्यांचा असे. त्या काळात त्यांनी फादर लाझारो कात्तानेओ यांना शांघायला बोलावले आणि त्या गावातील ख्रिस्तसभेचा पाया तेव्हा घातला गेला. पुत्राचे कर्तव्य आणि ख्रिस्ती श्रद्धा एकाच घरात नांदल्या. श्यू परतण्यापूर्वीच, मे १६१० मध्ये, रिची पेकिंगला निवर्तले.

पुढे इतर संघांचे धर्मगुरू चीनमध्ये आले. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा वावर बव्हंशी सामान्य लोकांत होता. त्यांना जे दिसले ते वेगळे होते: पट्टीपुढे कागदी पैसे जाळणारी, आजोबांकडे सुगी मागणारी, आत्मा पट्टीत वस्तीला येतो असे मानणारी माणसे. त्यांचा धसका खोटा नव्हता. येशूसंघीयांनी पंडितांचे घर पाहिले होते, यांनी शेतकऱ्याचे. रोमचे निर्णयही तसेच दोलायमान: १६४५ साली मनाई, १६५६ साली सशर्त परवानगी. पहिले चिनी बिशप लो वेनझाव हे स्वतः डोमिनिकन असूनही आपल्या लोकांचे विधी चालू द्यावेत याच मताचे होते. त्यांचे म्हणणे अधिक ऐकले गेले असते तर बरे झाले असते.

येथे मराठीतील एक अडचण सांगतो. 'श्याव'साठी आपण सहज 'मातृपितृभक्ती' हा शब्द योजतो. पण भक्ती तर देवाची! आईवडिलांची भक्ती म्हणताना आपण मूर्तिपूजा करतो असे आपल्यापैकी कोणालाही वाटत नाही. परंतु एखाद्या परक्याने शब्दकोश उघडून 'भक्ती'चा अर्थ पाहिला आणि आपल्यावर आरोप ठेवला, तर त्याला काय उत्तर द्यावे? चिनी शब्दांचे नेमके हेच झाले.

१६९२ साली सम्राट कांगशीने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. दुसऱ्याच वर्षी फूच्येन प्रांतातील धर्माधिकारी शार्ल मेग्रो यांनी आपल्या क्षेत्रात पूर्वजविधींना बंदी केली. १७०० साली येशूसंघीयांनी खुद्द सम्राटाकडून लिहून घेतले की, हे विधी आदराचे आहेत, वर मागण्याचे नव्हेत. रोमला ते पुरेसे वाटले नाही. १७०४ साली मनाईचा निर्णय झाला. पोपचे प्रतिनिधी तुर्नों वाटेत पाँडिचेरीला थांबले आणि तिथे त्यांनी मदुराई परिसरातील ख्रिस्ती लोकांच्या देशी रिवाजांवरही निर्बंध घातले, मग चीनला गेले. १७०६ साली कांगशीने मेग्रोंना समोर बोलावून सिंहासनावरील चार अक्षरे वाचायला सांगितली. त्यांना एकच वाचता आले, अशी नोंद आहे. जो आमची अक्षरे वाचू शकत नाही तो आमच्या ग्रंथांचा अर्थ कसा ठरवतो, असा सम्राटाचा सवाल होता. पोप क्लेमेंट अकरावे यांनी १७१५ साली मनाई पक्की केली, कांगशीने रागावून धर्मप्रचार बंद करण्याचा शेरा मारला आणि १७२४ साली त्याच्या वारसाने देशभर बंदी आणली. १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी वादच मिटवला: चीनला जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने या विधींना विरोध करण्याची शपथ घ्यायची. त्याच सुमारास, १७३६ साली, गोव्यातील इन्क्विझिशनने लग्नातील हळद, विडे, गाणी अशा रिवाजांवर जाहीरनामा काढला होता. प्रश्न तोच होता: कुठवर रीत आणि कुठून पूजा?

या निर्णयाची झळ सर्वांत तीव्रतेने लागली ती कोरियात. तिथे ख्रिस्ती धर्म कोणी धर्मगुरू घेऊन गेला नाही. पेकिंगहून आलेली पुस्तके, त्यांत रिचींचे ते पुस्तकही, कोरियन कन्फ्यूशिअस-पंडितांनी वाचली आणि त्यांची श्रद्धा जडली. १७८४ साली त्यांच्यापैकी यी सुंग-हुन पेकिंगला जाऊन स्नानसंस्कार घेऊन आले. सहा वर्षांनी त्यांनी पेकिंगच्या बिशपांना विचारले की, पूर्वजांचे विधी करावेत का? बिशप शपथेने बांधलेले. उत्तर आले: नाही.

१७९१ साली चिन्सान गावी पॉल युन जी-चुंग यांची आई वारली. युन हे परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान, घराणे प्रतिष्ठित. त्यांनी आणि त्यांचे आतेमामेभाऊ जेम्स क्वोन सांग-यॉन यांनी घरातील नामपट्ट्या जाळल्या होत्या. आईचा अंत्यविधी त्यांनी आदराने, पण पट्टीविना, ख्रिस्ती पद्धतीने केला. कोरियन राज्याच्या दृष्टीने हा आईवडिलांचा आणि पर्यायाने राजाचा द्रोह होता. चौकशीत युन यांनी शांतपणे सांगितले की, सुताराने घडवलेल्या लाकडाशी आपले रक्तामांसाचे नाते नाही. दोघांचा जोन्जू येथे शिरच्छेद झाला. तो दिवस होता ८ डिसेंबर १७९१. ज्या पुस्तकाने त्यांना प्रभूकडे आणले त्याच्या लेखकाने ती पट्टी ठेवू दिली असती. पण युन यांना हे कोण सांगणार होते? ख्रिस्तसभेने जे सांगितले ते त्यांनी पाळले. त्यांच्या हौतात्म्याचे मोल यामुळे तसूभरही उणे होत नाही. प्रश्न उरतो तो सांगणाऱ्यांचा. कोरियातील छळ पुढे पाऊण शतक वरचेवर पेटत राहिला आणि त्यात हजारो ख्रिस्ती माणसे मारली गेली.

विसाव्या शतकात चित्र पालटले. जपानच्या अंकित असलेल्या मांचुरियाच्या सरकारने कन्फ्यूशिअसचे विधी केवळ नागरी आहेत असे सांगितले आणि १९३५ साली रोमने ते मान्य केले. स्वतः कांगशीचा शब्द ज्यांना पुरला नव्हता त्यांना एका बाहुल्या सरकारचा पुरला! त्यानंतर पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत धर्मप्रसार मंडळाने चीनसाठी निर्णय दिला. कन्फ्यूशिअसच्या सन्मानसमारंभास उपस्थित राहण्यास आणि मृतांच्या प्रतिमेपुढे वा नामपट्टीपुढे वाकून नमस्कार करण्यास हरकत नाही. धर्मगुरूंची ती शपथही यापुढे नको. या निर्णयाची तारीख ८ डिसेंबर १९३९. अमलोद्भव मरियेचा सण. युन आणि क्वोन यांच्या मृत्यूला त्या दिवशी १४८ वर्षे झाली.

ख्रिस्तसभेने दार उघडले तेव्हा चीनमधील विद्वान ते बंद करू पाहत होते. १९०५ साली परीक्षा रद्द झाल्या. १९१९ च्या चळवळीतील तरुणांनी देशाच्या दुबळेपणाचा ठपका कन्फ्यूशिअसवर ठेवला. नोव्हेंबर १९६६ मध्ये पेकिंगहून आलेल्या लाल रक्षकांनी चूफूचे मंदिर विद्रूप केले, कोंग घराण्याची थडगी उकरली. १९७४ साली तर अख्ख्या देशात कन्फ्यूशिअसनिंदेची मोहीम राबवली गेली. आणि त्यानंतर? १९९४ साली चूफूचे मंदिर, वाडा व दफनभूमी जागतिक वारसा ठरली. २०१३ साली अमलात आलेल्या कायद्यात, दूर राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटावे, असे कलम आले. आईवडिलांना भेटायला कायदा लागावा, हे गुरुजींना रुचले नसते. त्यांचा भर शिक्षेपेक्षा लाजेवर होता.

कोरियातील कॅथलिक कुटुंबे आज नववर्षाला आणि सुगीच्या सणाला पवित्र मिस्साला जातात आणि घरी आईवडिलांच्या छायाचित्रापुढे अन्न मांडून नमस्कारही करतात. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये पॉल युन जी-चुंग आणि त्यांच्या १२३ साथीदारांना धन्य घोषित केले. २०२२ साली त्यांनीच मात्तेओ रिची यांना वंदनीय ही पदवी दिली. पट्टी ठेवू देणारा आणि पट्टी जाळून मरणारा, दोघांनाही एकाच पोपने गौरवले.

मधल्या काळात, २०२१ साली, जोन्जूजवळच्या वांजू भागात एका जुन्या ख्रिस्ती दफनस्थळाची डागडुजी चालू असताना काही अनामिक थडगी उघडली गेली. त्यांत युन, क्वोन आणि १८०१ साली मारले गेलेले युन यांचे धाकटे बंधू यांचे अवशेष सापडले. ओळख पटवायला शास्त्रीय तपासण्या झाल्याच. पण पहिला पुरावा मिळाला तो पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यांतून. मृताचे नाव आणि कूळ लिहून ते त्याच्याबरोबर पुरावे, हा कन्फ्यूशिअस-परंपरेतील जुना रिवाज. शिक्षेच्या भीतीने ज्यांनी उघड शोकही केला नसेल, त्या आप्तस्वकीयांनी कोणाला दिसणार नाही अशा जागी, मातीखाली, त्यांची नावे लिहून ठेवली होती.